पहिले वर्ष साबण शुद्ध करण्यात जाऊ द्या

प्रति,
रसायनशास्त्रातील पीएच.डी.च्या प्रगतीचा आढावा घेणाऱ्या समित्यांचे सदस्य, प्रबंधांचे परीक्षक आणि निवड समित्यांवर बसणारे प्राध्यापक यांस

सप्रेम नमस्कार.

पहिल्या वर्षाच्या आढाव्याला विद्यार्थिनी येते आणि पडद्यावर एकच आलेख लावते. उभ्या अक्षावर पृष्ठताण, आडव्या अक्षावर सोडियम डोडेसिल सल्फेटच्या (एसडीएसच्या) संहतीचा लॉग. रेषा ७२ मिलीन्यूटन प्रति मीटरपासून खाली उतरते, ८ मिलीमोलरच्या जरा पुढे वळते आणि मग सपाट जाते. समितीतून हमखास विचारले जाते, "वर्षभरात एवढेच? हे तर पाठ्यपुस्तकात आहे. पेपर कुठे आहे?"

त्या सपाट रेषेला पेपरइतकेच वजन द्या, एवढीच आमची, म्हणजे सर्फॅक्टंट (पाण्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसणारे साबणासारखे पदार्थ) आणि प्रकाशरसायन यांत काम करणाऱ्यांची, मागणी आहे. ती रेषा सपाट का यावी लागते आणि न आल्यास पुढची चार वर्षे कशी वाया जातात, हे खाली सविस्तर लिहितो. समितीत बहुतेक जण सेंद्रिय किंवा असेंद्रिय रसायनाचे असतात, त्यांना हे ठाऊक असेलच असे नाही. (काटेकोर बोलायचे तर साबण म्हणजे मेदाम्लांचे क्षार, एसडीएस त्यांत मोडत नाही. पण प्रयोगशाळेत सगळे त्याला साबणच म्हणतात, तेव्हा इथेही चालवून घ्यावे.)

एसडीएसच्या बाटलीवर ९९ टक्के लिहिलेले असते. उरलेला एक टक्का ओलावा असेल तर संहती तेवढ्यापुरती चुकते, बाकी फारसे बिघडत नाही. त्यात डोडेकॅनॉल असेल तर मात्र सगळेच बिघडते. ज्या अल्कोहोलपासून एसडीएस बनवतात तेच हे, थोडे शिल्लक राहिलेले. त्याला पाणी नकोसे असते, म्हणून ते पृष्ठभागावर एसडीएसपेक्षाही जास्त ओढीने जाऊन बसते. हजारात एक भाग असला तरी पुरतो. सीएमसीच्या, म्हणजे ज्या संहतीला एसडीएसचे रेणू सूक्ष्म गोळ्यांत (मायसेलमध्ये) जमू लागतात तिच्या, खाली ते पृष्ठताण असायला हवा त्यापेक्षा खाली ओढते. सीएमसी ओलांडली की मायसेल तयार होतात, डोडेकॅनॉल त्यांच्या पोटात शिरते, पृष्ठभागावरून हटते आणि ताण पुन्हा वर चढतो. आलेखात खळगा पडतो. या खळग्याच्या उजव्या चढाला गिब्जचे समीकरण (ताणाच्या उतारावरून पृष्ठभागावर किती सर्फॅक्टंट आहे ते सांगणारे) लावले तर पृष्ठभागावरचे सर्फॅक्टंट उणे भरते. पाणी आणि एक शुद्ध सर्फॅक्टंट एवढेच असताना असे होऊच शकत नाही. खळगा दिसला, की बाटलीत तिसरे कुणीतरी आहे हे नक्की.

खळगा घालवायला पुनर्स्फटिकीकरण करावे लागते. ९५ टक्के इथेनॉल गरम करून, सगळे जेमतेम विरघळेल एवढेच घ्यायचे, गरम असतानाच गाळायचे, सावकाश थंड होऊ द्यायचे, मग फ्रीजमध्ये ठेवायचे. घाईने बर्फात बुडवले तर बारीक भुकटी पडते आणि डोडेकॅनॉल तिच्यात अडकून राहते. मोठे, चकचकीत पापुद्रे हवेत. एकदा करून भागत नाही, दोनतीनदा करावे लागते. त्यानंतर सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हापुन्हा फिरवून धुणाऱ्या उपकरणात) हेक्झेन फिरवून उरलेसुरले अल्कोहोल काढायचे आणि निर्वातात, ५० अंशांच्या खालीच वाळवायचे. कोरडी भुकटी तोलताना नाकात गेली की शिंकांनी जीव नकोसा होतो, म्हणून तराजू धूरकपाटात. यानंतर काढलेला पृष्ठताणाचा आलेख हीच खरी परीक्षा. द्रवणांक इथे काही सांगत नाही आणि एनएमआरला हजारातला एक भाग सहज निसटतो.

एवढे करून माल शुद्ध राहतो, असेही नाही. एसडीएस पाण्यात हळूहळू तुटते आणि डोडेकॅनॉल पुन्हा तयार होते. या तुटण्यातून आम्लही तयार होते आणि आम्लामुळे तुटणे आणखी वेगाने होते. त्यामुळे महिनाभर कपाटात पडलेल्या साठ्याच्या द्रावणात खळगा परत येतो. ते फ्रीजमध्ये ठेवणे हाही उपाय नव्हे, कारण एसडीएसचे क्राफ्ट तापमान (ज्याच्या खाली ते नीट विरघळत नाही) खोलीच्या तापमानाच्या थोडेच खाली आहे. थंडीत बाटलीच्या तळाशी पांढरे पापुद्रे बसतात. कुणीतरी न हलवता वरचेच द्रावण पिपेटने घेते आणि दिवसभराची सगळी संहती चुकते. १०० मिलीलिटरला २.८८ ग्रॅम घेऊन ०.१ मोलर द्रावण ताजे करावे, आठवड्यात संपवावे, उरले तर ओतून टाकावे. तारीख बाटलीवर हवी. परीक्षकांनी प्रबंधात ही तारीख मागावी.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे पृष्ठताणवाल्यांचे दुखणे, प्रकाशरसायनाशी याचा काय संबंध? संबंध असा, की पृष्ठताणात जी भेसळ खळगा पाडते, ती प्रकाशात वेगळ्याच वेषात येते. पाण्यात न विरघळणारी, प्रकाश देणारी अशुद्धी सीएमसीच्या वर मायसेलमध्ये गोळा होते. तिचा संकेत नेमका सीएमसीलाच उसळी मारतो आणि तो प्रोबचा (मुद्दाम घातलेल्या, प्रकाश देणाऱ्या रेणूचा) समजून छापला जातो. म्हणून प्रत्येक संहतीला प्रोब न घालता, तीच स्लिट (उपकरणातली प्रकाशाची फट) आणि तीच तरंगलांबी ठेवून कोरे वाचन घ्यावेच लागते. पायरीन या नेहमीच्या प्रोबच्या बाबतीत तर कोऱ्या वाचनाला आणखी एक कारण आहे. ३३५ नॅनोमीटरला उत्तेजित केले की पाण्याची स्वतःची रामन पट्टी (पाण्याने विखुरलेला प्रकाश) साधारण ३७८ नॅनोमीटरला येते. पायरीनचे पहिले शिखर ३७३ ला आणि तिसरे ३८४ ला. पट्टी बरोबर दोघांच्या मध्ये! पायरीनची संहती कमी आणि स्लिट रुंद असली की गुणोत्तरात पाण्याचाही वाटा मिसळतो.

पायरीनच्या या दोन शिखरांचे गुणोत्तर भोवतालची ध्रुवीयता सांगते, हे कल्याणसुंदरम आणि थॉमस यांनी १९७७ मध्ये दाखवले. तेव्हापासून सीएमसी काढायची ही सर्वांत सोपी रीत झाली, आणि सर्वांत जास्त बिघडवली जाणारीही. पाण्यात गुणोत्तर १.८ च्या आसपास, एसडीएसच्या मायसेलमध्ये १.१ च्या आसपास, सायक्लोहेक्झेनमध्ये ०.६. पण हे आकडे उत्सर्जनाच्या स्लिटवर अवलंबून असतात. स्लिट ५ नॅनोमीटर ठेवली की टोकदार पहिले शिखर बोथट होते आणि गुणोत्तर आपोआप उतरते. "आमच्या मायसेलचा गाभा जास्त अध्रुवीय आहे" असे वाक्य प्रबंधात दिसले, तर आधी स्लिट किती होती ते विचारा.

पायरीन घालण्याची रीतही विचारण्याजोगी आहे. मिथेनॉलमधले १ मिलीमोलर द्रावण ५ मायक्रोलिटर काचेच्या कुपीत घ्यायचे, नायट्रोजनच्या हलक्या झोताने मिथेनॉल उडवायचे, वर १० मिलीलिटर सर्फॅक्टंटचे द्रावण ओतायचे आणि अंधारात रात्रभर ढवळायचे. पायरीन होते ०.५ मायक्रोमोलर. पाण्यात ते जेमतेम ०.६ ते ०.७ मायक्रोमोलरच विरघळते, म्हणून याहून जास्त घालण्यात अर्थ नाही. घातलेच तर सीएमसीच्या खाली त्याचे सूक्ष्म कण तरंगत राहतात, ४७० ते ४८० नॅनोमीटरला एक्सायमरचा (पायरीनच्या दोन रेणूंच्या उत्तेजित जोडीचा) फुगवटा दिसतो आणि विद्यार्थी त्याला "मायसेलपूर्व समूह" असे गोंडस नाव देतो. प्लास्टिकची कुपी घेतली तर पायरीन भिंतीला चिकटते. आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. त्याच्या मधल्या बिंदूवरून आणि खालच्या वळणावरून सीएमसीचे दोन वेगळे आकडे निघतात. कोणता घेतला ते लिहिलेले असावे, एवढी अपेक्षा जास्त नाही.

बाकीच्या सर्फॅक्टंटांच्या आपापल्या खोडी. सीटॅबचे (सेटिलट्रायमिथिल अमोनियम ब्रोमाइडचे) क्राफ्ट तापमान २५ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे खोली जरा गार झाली की द्रावण गढूळ. शिवाय त्याचा ब्रोमाइड आयन जड, तो प्रतिदीप्ती विझवतो, म्हणून प्रकाशाच्या कामाला क्लोराइडचा क्षार घ्यावा. ट्रायटन एक्स-१०० मध्ये बेन्झीनचे कडे आहे. ते २७५ नॅनोमीटरच्या आसपास शोषते, त्यामुळे द्रावण २५४ च्या दिव्याखाली ठेवले तर प्रकाश सर्फॅक्टंटच खाऊन टाकतो, विक्रियेच्या वाट्याला उरतेच किती? त्याच्या इथॉक्सी साखळीवर हवेत पेरॉक्साइड साचतात. उघडून बरेच दिवस झालेल्या बाटलीतल्या ट्रायटनमध्ये रंग "प्रकाशाने" फिका झाला, तर निम्मे श्रेय पेरॉक्साइडचे असू शकते. आयोडाइडची साधी चाचणी केली की कळते. मिथिलीन ब्लूसारखा धन रंग आणि ऋण सर्फॅक्टंट एकत्र असले, तर सीएमसीच्या कितीतरी खाली त्यांच्या जोड्या जमतात, रंग बदलतो, काचेलाही चिकटतो. अंधारातले नियंत्रण नसलेला असा कोणताही निकाल आम्ही तरी वाचत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो ऑक्सिजन. हवेशी समतोल असलेल्या पाण्यात २५ अंशांना तो सुमारे ०.२६ मिलीमोलर असतो. पायरीनची उत्तेजित अवस्था शेकडो नॅनोसेकंद टिकते, तिचा मोठा हिस्सा तो गिळतो. ट्रिप्लेट (एरवी जास्त टिकणारी उत्तेजित) अवस्था ऑक्सिजनविना कितीतरी जास्त टिकली असती, ती काही मायक्रोसेकंदांतच संपते. साध्या द्रावणात नायट्रोजनचे बुडबुडे सोडले की काम झाले. साबणाच्या पाण्यात बुडबुडे सोडले की काय होते हे कुठल्याही लहान मुलाला विचारा. फेस फ्लास्कच्या मानेतून वर येतो, नळीत शिरतो, आणि जाताना सर्फॅक्टंट घेऊन जातो. फेसात सर्वांत जास्त पृष्ठसक्रिय गोष्टी आधी गोळा होतात. म्हणून मागे उरलेल्या द्रावणाची संहती आणि शुद्धता दोन्ही बदललेल्या असतात आणि विद्यार्थ्याला त्याचा पत्ता नसतो.

मार्ग आहेत, पण संथ. पाणी आधी अर्धा तास नायट्रोजनने धुवायचे, मग तोललेले घन सर्फॅक्टंट त्यात नायट्रोजनखालीच घालायचे आणि भोवरा न होऊ देता ढवळायचे. किंवा रुंद भांड्यात द्रावणाचा पातळ थर ठेवून वायू त्याच्या आत न सोडता पृष्ठभागावरून फिरवायचा. यालाही पाऊण तास सहज लागतो. वायू आधी पाण्याच्या बाटलीतून न्यायचा, नाहीतर तो द्रावणातले पाणी उडवून नेतो. गोठवून पंप करायची रीत वापरायची तर नळी तिसरा हिस्साच भरायची, कारण वितळताना फेस उसळतो. शेवटी द्रावण क्राफ्ट तापमानाच्या बरेच वर, पूर्ण नितळ होईपर्यंत आणायचे. फेस मारायला सिलिकोनचे औषध मात्र कधीही नाही. तेही पृष्ठभागावर जाऊन बसणारेच आहे, म्हणजे एक भेसळ काढायला दुसरी घातली. ऑक्सिजन गेला की नाही याचा निवाडा घड्याळ करत नाही. प्रोबचे आयुर्मान मोजायचे, आणखी थोडा वेळ वायू फिरवायचा, पुन्हा मोजायचे. दोन वाचने जुळली की थांबायचे.

मायसेलमध्ये किती रेणू आहेत हे प्रकाशाने मोजण्याची रीत टुरो आणि येक्टा यांनी १९७८ मध्ये दिली. रीत सुंदर आहे, आणि तिच्या अटी विसरल्या तर तितकीच फसवी. उदाहरण घेऊ. एसडीएस ५० मिलीमोलर, सीएमसी ८.२, मायसेलमध्ये रेणू ६२. मायसेलची संहती झाली ५० वजा ८.२, त्याला भागिले ६२, म्हणजे ०.६७ मिलीमोलर. क्वेंचर (पायरीनचा प्रकाश विझवणारा) म्हणून सेटिलपिरिडिनियम क्लोराइड ०.२ मिलीमोलर घातले तर दर मायसेलमागे सरासरी ०.३० रेणू. ते पॉयसनच्या नियमाने विखुरतात, म्हणून सुमारे ७४ टक्के मायसेल रिकामे राहतात आणि पायरीनची तीव्रता मूळच्या ०.७४ वर येते. प्रयोगात आपण हाच हिशेब उलटा करतो आणि ६२ काढतो. पण यात गृहीत असे, की क्वेंचर असलेल्या मायसेलमधले पायरीन जवळजवळ तत्काळ विझते आणि पायरीन जिवंत आहे तोवर कुणीही मायसेल सोडून जात नाही. क्वेंचर वाढवल्यावर पायरीनच्या क्षयाची शेपटीच जास्त उतरती झाली, तर कुणीतरी मायसेल सोडून जाते आहे. शेपटी तशीच राहिली पण सुरुवातीला वक्र आला, तर विझणे तत्काळ नाही. दोन्ही वेळा स्थिर तीव्रतेवरून काढलेला आकडा चुकतो आणि काळासोबतचा पूर्ण क्षय बसवावा लागतो. उपकरण नसेल तर तसे लिहावे, आकडा मात्र तीन सार्थ अंकांत छापू नये. आणि क्युव्हेटमधला शोषणांक ०.१ च्या आत हवा. ०.१ ला सुद्धा १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटच्या मध्यावर पोहोचेपर्यंत ११ टक्के प्रकाश गेलेला असतो.

प्रकाशविक्रियेचे क्वांटम यील्ड (शोषलेल्या एका फोटॉनमागे किती रेणू बदलले) सांगितले असेल तर अ‍ॅक्टिनोमेट्रीची वही (दिव्याकडून किती फोटॉन मिळाले याच्या मोजणीची) मागा. पोटॅशियम फेरिऑक्झलेटची रीत हॅचर्ड आणि पार्कर यांची, १९५६ ची. ३६५ नॅनोमीटरला तिचे यील्ड १.२ च्या आसपास. तेच भांडे, तेच आकारमान, तीच जागा, द्रावण लाल दिव्यात बनवलेले, आणि मोजणी त्याच दिवसाची. दिवा जुना होतो, आरसा धुरकटतो. मागच्या वर्षीचा फोटॉनांचा आकडा या वर्षी चालत नाही.

निवड समित्यांसाठी दोन शब्द. सर्फॅक्टंट आणि प्रकाशरसायन यांत कारकीर्द केलेल्या माणसाची प्रकाशित लेखांची यादी बरेचदा आखूड असते, आणि त्याचे कारण वर आले आहे. या क्षेत्राच्या इतिहासात मोलाचे निघाले ते जुळत नसलेल्या वाचनांवर अडून बसलेल्यांच्या हातून. मायसेल गोल असते हे चित्र १९३६ मध्ये मांडणारे जी. एस. हार्टली यांनीच पुढच्या वर्षी अ‍ॅझोबेन्झीनचे सिस रूप शोधले. मोजमापे एकमेकांशी जुळेनात, कारण शोधता शोधता ते प्रकाशापर्यंत पोहोचले. आज प्रकाशाने आकार बदलणारे जे अ‍ॅझो सर्फॅक्टंट बनतात, ते हार्टलींच्या या दोन्ही कामांना जोडतात. न जुळणारी वाचने "प्रायोगिक त्रुटी" म्हणून खोडली असती तर?

दुसरे उदाहरण टुरो यांचेच. डायबेन्झिल कीटोनची दोन टोके वेगळी ठेवून त्यावर प्रकाश टाकला, की कार्बन मोनॉक्साइड निघून जातो आणि उरलेले दोन रॅडिकल जोडी जमवतात. साध्या द्रावकात जोड्या १:२:१ अशा यदृच्छेने जमतात. मायसेलमध्ये मात्र एकाच रेणूतून फुटलेले दोघे पिंजऱ्यात अडकतात आणि मिश्र जोडीच भरभरून मिळते. या पिंजऱ्यात कार्बन-१३ असलेले कीटोन मागे साठत जाते, कारण त्याच्या अणुगर्भाच्या चुंबकत्वामुळे रॅडिकलांची जोडी लवकर सिंग्लेट (एकमेकांशी बंध जोडू शकेल अशी) होऊन परत जुळते. हा परिणाम मिश्र जोडीच्या प्रमाणावर वाचायचा. म्हणजे मायसेल किती, त्यात रेणू किती, ऑक्सिजन किती, हे आधी पक्के नसेल तर वाचायला काही उरतच नाही. मुलाखतीत उमेदवाराला प्रकाशित लेखांचा आकडा विचारण्याऐवजी एकच विचारा: "तुमच्या द्रावणाचा पृष्ठताणाचा आलेख दाखवता का?" ज्याने काम केले आहे, त्याच्या लॅपटॉपमध्ये तो असतो.

म्हणून विनंती अशी. पहिल्या वर्षाच्या आढाव्यात खळगा नसलेला आलेख, कोऱ्या वाचनांचा संच आणि ऑक्सिजन काढण्याची तपासलेली रीत एवढे असेल तर "प्रगती समाधानकारक" असा शेरा द्यावा. प्रबंधात प्रत्येक सर्फॅक्टंटच्या शुद्धीकरणाची नोंद, स्लिटची रुंदी, तापमान आणि साठ्याच्या द्रावणाची तारीख परिशिष्टात सक्तीची करावी. पृष्ठताणावरून रेणूचे क्षेत्रफळ काढले असेल, तर गिब्जच्या समीकरणात गुणक १ घेतला की २, हे परीक्षकांनी विचारावे. मीठ न घातलेल्या आयनी सर्फॅक्टंटला २ लागतो, चुकून १ घेतला तर क्षेत्रफळ निम्मेच भरते. आणि इथेनॉल, हेक्झेन, नायट्रोजन यांच्या खर्चाला "उपभोग्य वस्तू अवाजवी" असा शेरा मारण्याआधी वरचा सॉक्सलेटचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

आपले,
सर्फॅक्टंट आणि प्रकाशरसायनात काम करणारे काही भौतिक रसायनशास्त्रज्ञ

ता. क. एसडीएसच्या द्रावणात पीएचचा इलेक्ट्रोड बुडवू देऊ नका. त्यातून झिरपणारे पोटॅशियम क्लोराइड आणि एसडीएस मिळून पोटॅशियम डोडेसिल सल्फेटचा पांढरा गाळ बनतो, तो खोलीच्या तापमानाला विरघळत नाही आणि इलेक्ट्रोडचे तोंड बुजवतो. पोटॅशियम फॉस्फेटच्या बफरचेही तेच. बफर सोडियमचाच घ्यावा, आणि पीएच सर्फॅक्टंट घालण्याआधी मोजावा.